बोरघाटातलं रिव्हर्सिंग स्टेशन आणि एक न झालेली पायवाट

आमच्या देवबागच्या एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र. गाडी पकडायची तर कुडाळ गाठायचं. त्यामुळे बंद पडलेला रेल्वेमार्ग बघायचा म्हणून मी खंडाळ्याला गेलो.

बोरघाटाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६३ मध्ये घाट खुला झाला. साधारण २५ किलोमीटरमध्ये १,८३१ फूट चढ, २५ बोगदे. खंडाळ्याच्या खाली कडा इतका अंगावर येतो की गाडीला वळायला जागाच नाही. मग गाडी एका सपाटीवर थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडायचं आणि गाडी उलट दिशेने वर निघायची. हेच रिव्हर्सिंग स्टेशन. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला आणि ते सुटलं.

अशा जागेवर निसर्गवाट छान होते, आणि कारण साधं आहे. वाफेच्या इंजिनाला ३७ फुटांत १ फुटापेक्षा जास्त चढ इथे दिलाच नव्हता, म्हणजे आजी-आजोबाही आरामात चालतील. डोंगर कापून केलेल्या खिंडी दमट, सावलीच्या. भराव कोरडे, उन्हाचे. पावसाळ्यात चार पावलांवर झाडोरा बदलतो. जैवविविधतेचा ट्रान्सेक्ट टाकायला याहून सोपी जागा कुठली?

सिंगापूरला असंच घडलं, पण तिथे मागणी आधी आली. मलेशियाची गाडी ३० जून २०११ ला थांबली; तिथल्या नेचर सोसायटीने हा २४ किलोमीटरचा पट्टा हिरवा ठेवा, असा प्रस्ताव आदल्या वर्षीच मांडला होता. मार्ग बंद होऊन जमिनीचे तुकडे पडले की मग मागून उपयोग नसतो. (प्रपोजल लिहिणाऱ्यांनी हे आधी तपासावं: जमीन कोणाच्या नावावर, शेजारून चालू गाड्या जातात का. बोरघाटात जातात.)

आता खरी अडचण. वाट झाली तर फलकावर काय लिहायचं? मुख्य अभियंता जेम्स बर्कली, कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आणि १८५९ मध्ये तो वारल्यावर काम पुढे नेणारी त्याची बायको ॲलिस, ही नावं सहज सापडतात. चढ-उताराचे आकडे तर फुटाफुटाने मिळतात. मजुरांचं मात्र असं नाही. १८६१ च्या सुमारास घाटात एका वेळी ४२,००० लोक राबत होते. कॉलरा, ताप आणि अपघात मिळून किती गेले, याचा २५,००० हा आकडा सांगतात, पण तो अंदाज आहे. थीसिसमध्ये तो अंदाज म्हणूनच लिहा, उगाच ठाम करू नका.

ट्रेडवेलच्या आधीच्या कंत्राटदाराच्या काळात, १८५९ च्या सुरुवातीला, मजुरी थकली म्हणून मजुरांनी दंगा केला होता. तो नेमका कुठे झाला ते नकाशावर सापडलं, तर पहिला फलक तिथे लावावा असं मला वाटतं. सध्या जुन्या नकाशांवर मजुरांच्या छावण्या शोधतोय.