ताज्या शंखाचे वय चारशे वर्षे!

१९३० ते १९५४ या काळात हिंदी महासागराच्या उत्तर भागातून गोळा केलेले सात शंख-शिंपले. गोळा केल्याचे साल माहीत असूनही त्यांतील कार्बन-१४ मोजला, तेव्हा वये निघाली ४०८ ते ६९३ वर्षे! कौशिक दत्ता, रवी भूषण आणि बी. एल. के. सोमयाजुलु यांनी हे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध केले. मोजमाप अचूक होते. मग हे जादा वय आले कोठून?

विश्वकिरणांमुळे वातावरणात सतत तयार होणारा कार्बन-१४ किरणोत्सारी असून त्याचा अर्धायुकाल ५७३० वर्षे आहे. विलार्ड लिबी यांनी १९४९ मध्ये याच ऱ्हासावर कालमापनाची पद्धत उभारली. झाड हा कार्बन थेट हवेतून घेते. शंखातला प्राणी मात्र कवच घडवतो ते समुद्राच्या पाण्यातील कार्बनपासून. खोल पाणी शतकानुशतके हवेपासून दूर राहते आणि त्यातील कार्बन-१४ घटत जातो. ते वर येऊन मिसळले की ताजे कवचही जन्मतःच ‘जुने’ ठरते. जगभरात हा फरक सरासरी चारशे वर्षांचा आहे.

नमुने जुनेच का हवेत? कारण पुढील अणुचाचण्यांनी हवेतील आणि समुद्रातील कार्बन-१४ कृत्रिमरीत्या वाढवला.

या सात कवचांनी दोन समुद्रांतील भेदही उघड केला. जागतिक सरासरीपेक्षा उत्तर अरबी समुद्रात १६३ वर्षे अधिक, तर अंदमान समुद्रात अवघी ११. अरबी समुद्रात नैर्ऋत्य मोसमी वारे खोल पाणी वर खेचतात. बंगालच्या उपसागरात नद्यांच्या गोड्या पाण्याचा थर त्याला आडवा येतो.

याचे मोल इतिहासाला ठाऊक आहे. गुजरातमधील नागेश्वर येथे हडप्पाकालीन कारागीर शंखांच्या बांगड्या घडवत. तेथील शंख कोळशाप्रमाणेच मोजला, तर काळ सुमारे साडेपाचशे वर्षे मागे सरकेल. आणि नागरी हडप्पा संस्कृतीचा बहरच मुळी इ.स.पू. २६०० ते १९००, म्हणजे सातशे वर्षांचा!

अर्थात, ही दुरुस्ती विसाव्या शतकातील समुद्राची आहे. प्राचीन मान्सून वेगळा असेल, तर तीही बदलेल. म्हणूनच उत्खननात एकाच थरात शंख आणि कोळसा शेजारी सापडणे मोलाचे. कोळसा माणसाचा काळ सांगतो आणि दोहोंतील अंतर त्या काळच्या समुद्राचा स्वभाव.