स्क्रीन प्रिंटिंगमधील बिंदुवृद्धीचे नियंत्रण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मुद्रणाचा इतिहास बहुधा यंत्रांच्या शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. छायाचित्रांच्या छपाईत मात्र शोधाइतकाच नियंत्रणाचा प्रश्न महत्त्वाचा ठरला. शाई कागदावर उमटते किंवा उमटत नाही. मधली करडी छटा ती स्वतः देऊ शकत नाही. त्यामुळे छटेचे रूपांतर लहानमोठ्या बिंदूंत करावे लागते. छापताना हा बिंदू नियोजित आकारापेक्षा मोठा होतो व चित्र काळवंडते. यालाच डॉट गेन किंवा बिंदुवृद्धी म्हणतात. ही वृद्धी आटोक्यात आणण्याच्या प्रयत्नांचा, विशेषतः स्क्रीन प्रिंटिंगच्या संदर्भात, प्रस्तुत निबंधात मागोवा घेतला आहे.

बिंदूच्या नियमाचा शोध

१८८२ मध्ये जर्मनीतील म्युनिक येथील गेओर्ग मायझेनबाख यांनी हाफटोन पद्धतीचे पेटंट घेतले. पुढे १८९० च्या दशकात अमेरिकेत लेव्ही बंधूंनी तयार केलेल्या रेघांच्या काचपडद्यामुळे ही पद्धत व्यवहारात स्थिरावली. तथापि पडदा व कॅमेऱ्याची काच यांतील अंतर किती ठेवावे, हे बहुतांशी कारागिराच्या अंदाजावर अवलंबून होते. या अंदाजाला गणिती आधार देणाऱ्यांत कोलकात्याचे उपेंद्रकिशोर रायचौधुरी (१८६३–१९१५) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. ब्रिटनमधील 'पेनरोझ' वार्षिकात १८९७ पासून त्यांचे हाफटोन बिंदूच्या सिद्धान्तावरील लेख प्रसिद्ध झाले. त्यांचे संशोधन कॅमेऱ्यात बिंदू कसा घडतो याविषयीचे होते. बिंदू नियमाने घडतो आणि म्हणून त्याचे पूर्वानुमान करता येते, ही त्यामागील दृष्टी पुढील नियंत्रणाच्या प्रयत्नांनाही आधारभूत ठरणारी होती.

जाळीवरील छपाई

१९०७ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी रेशमी जाळीवरील छपाईचे पेटंट घेतले. या पद्धतीत चौकटीवर ताणलेल्या जाळीतून स्क्वीजीच्या साहाय्याने शाई खाली दाबली जाते. १९३० च्या दशकात अमेरिकेत अँथनी व्हेलोनिस आदींनी तिला कलामाध्यमाची प्रतिष्ठा मिळवून दिली. प्रकाशसंवेदी इमल्शनमुळे छायाचित्रही जाळीवर उतरवणे शक्य झाले. १९६२ मध्ये अँडी वॉरहॉल यांनी मेरिलिन मन्रोच्या चित्रांत शाईचे असमान थर व भरून आलेले काळे भाग तसेच राहू दिले. कलावंताला हे स्वातंत्र्य होते. हजार प्रती एकसारख्या देण्यास बांधलेल्या व्यावसायिक मुद्रकाला ते नव्हते.

मुद्रकाची अडचण दुहेरी होती. एकीकडे शाई कडेने पसरून गडद छटा भरून येत. दुसरीकडे स्टेन्सिल तयार करताना जाळीच्या पांढऱ्या धाग्यांवरून विखुरलेला प्रकाश बिंदूच्या कडेखाली शिरून तेथील इमल्शन कठीण करी. त्यामुळे हलक्या छटांतील बारीक बिंदू छपाईपूर्वीच नाहीसे होत. एकाच चित्रात बिंदूची वाढ आणि घट अशा दोन्ही समस्या एकत्र नांदत.

अंदाजाकडून मोजमापाकडे

१९३६ मध्ये अलेक्झांडर मरे यांनी छपाईच्या घनतेवरून बिंदूचे क्षेत्र काढण्याचे सूत्र प्रसिद्ध केले. ते मरे-डेव्हिस सूत्र म्हणून ओळखले जाते. उदाहरणार्थ, कागदाची घनता वजा केल्यावर पूर्ण शाईची घनता १.४० आणि छटेची घनता ०.५० आली, तर बिंदूचे क्षेत्र सुमारे ७१ टक्के भरते. फिल्मवर तो बिंदू ५० टक्के असेल, तर वृद्धी २१ टक्क्यांची झाली. १९५१ मध्ये यूल आणि नील्सन यांनी दाखवले की, या वृद्धीचा काही भाग केवळ प्रकाशीय असतो. कागदात शिरलेला प्रकाश बिंदूखाली अडकतो व बिंदू आहे त्याहून मोठा भासतो. म्हणजे शाई तसूभरही पसरली नाही, तरी काही वृद्धी अटळच होती.

नियंत्रणाचे उपाय

पहिला उपाय रेघांची संख्या मर्यादित ठेवण्याचा होता. सेंटिमीटरमध्ये २५ ओळी असताना ३० टक्क्यांचा गोल बिंदू चोहोबाजूंनी ०.०१ मिलिमीटर पसरला, तर तो ३५ टक्के होतो. ओळी ५० केल्या, तर तेवढ्याच पसरण्याने तो ४० टक्क्यांवर जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर रेशमाची जागा नायलॉन व पॉलिएस्टरच्या एकेरी धाग्याने घेतली. त्यामुळे जाळीची छिद्रे नियमित झाली; पॉलिएस्टरमुळे ताणही टिकू लागला. ताण चांगला असल्याने जाळी व कागद यांतील अंतर कमी ठेवता आले आणि स्क्वीजीवर कमी दाब पुरू लागला. पिवळ्या रंगाच्या जाळीने विखुरणारा प्रकाश शोषला. फिल्मवरील बिंदू रसायनाने झिजवून आधीच लहान करण्याची रीतही होती. संगणक आल्यावर तिची जागा भरपाईच्या आलेखाने घेतली. २००१ मध्ये आयएसओ १२६४७ या मानक मालिकेत स्क्रीन प्रिंटिंगविषयक स्वतंत्र भाग समाविष्ट झाला.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, बिंदुवृद्धी नाहीशी करण्यापेक्षा ती स्थिर ठेवणे हेच नियंत्रणाचे खरे सूत्र ठरले. आज २१ आणि उद्या ३० टक्के वृद्धी होत असेल, तर भरपाईचा कोणताही आलेख निरुपयोगी ठरतो. ही स्थिरता जाळीचा ताण, स्क्वीजीची धार, कोन व दाब आणि शाईचा दाटपणा यांवर अवलंबून असते; हाताने चालणाऱ्या टेबलावर तर त्यातील बरेचसे कारागिराच्या हातात असते. सूत्रे लिहिणाऱ्यांची नावे इतिहासात नोंदली गेली. ती सूत्रे ज्यांच्या हाताच्या सातत्यामुळे उपयोगी पडली, त्या मुद्रकांच्या ज्ञानाची नोंद मात्र क्वचितच झाली. मुद्रणेतिहासाच्या अभ्यासकांनी यंत्रांबरोबरच या ज्ञानाचीही दखल घेणे आवश्यक आहे.