नाच बसवला कुणी?

‘तेजाब’मधलं ‘एक दो तीन’ माहीत नाही असा माणूस आपल्याकडे शोधून सापडायचा नाही. पडद्यावर माधुरी दीक्षित, आवाज अलका याज्ञिकचा, शब्द जावेद अख्तर यांचे, चाल लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांची, सिनेमा एन. चंद्रांचा. साल १९८८. आता हे गाणं आठवून बघा. कानात चाल येते हे खरं, पण त्याच क्षणी डोळ्यांपुढे माधुरीचा नाच येतोच. तो नाच बसवला सरोज खान यांनी. गावोगावच्या मुली आरशासमोर उभ्या राहून जे शिकल्या, ते सरोजबाईंचं होतं.

फिल्मफेअर पुरस्कार सुरू झाले १९५४ साली. गीतकाराला पुरस्कार १९५९ पासून. नृत्यदिग्दर्शकाला कधी? १९८९ साली, याच गाण्यासाठी. म्हणजे पस्तीस वर्षं हिंदी सिनेमा नाचावर पोट भरत होता आणि नाच बसवणाऱ्यासाठी एक बाहुली द्यायचं कुणाला सुचलं नव्हतं!

पण ही गोष्ट सरोजबाईंपासून सुरू होत नाही. मागे अल्मोड्याला जावं लागतं. उदय शंकर हे नाव नव्या पिढीला फार तर पंडित रविशंकरांचे थोरले भाऊ म्हणून माहीत असेल. १९२३ मध्ये लंडनला अ‍ॅना पाव्हलोव्हासारख्या जगप्रसिद्ध नर्तकीबरोबर नाचलेला हा माणूस. तीसच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी हिमालयाच्या कुशीत अल्मोड्याला कलाकेंद्र काढलं. युद्धाच्या काळात पैसा आटला, केंद्र बंद पडलं. मग मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत त्यांनी सिनेमा काढला, ‘कल्पना’. असंच केंद्र उभारायचं स्वप्न बघणाऱ्या एका नर्तकाची गोष्ट. नायक ते स्वतः, सोबत पत्नी अमला शंकर. १९४८ ला आला आणि तिकीटबारीवर पडला. उदय शंकर यांनी पुन्हा सिनेमा काढला नाही.

पडला म्हणून संपला का? अजिबात नाही. अल्मोड्याचा विद्यार्थी गुरुदत्त पुण्यात प्रभातमध्ये आला तो नृत्याचं काम घेऊन. तिथं शिकवणाऱ्या जोहरा सेहगल यांनी गुरुदत्तच्या ‘बाजी’चे नाच बसवले. उदय शंकर यांची फ्रेंच सहनर्तिका सिमकी हिने ‘आवारा’तला तो प्रसिद्ध स्वप्नाचा प्रसंग बसवला. दोन्ही सिनेमे १९५१ चे. राज कपूर आणि नर्गिसच्या मागे ढगांत उभे असलेले ते जिने सगळ्यांना आठवतात. सिमकी हे नाव किती जणांनी ऐकलंय? आणि मूळ ‘कल्पना’? ती दुरुस्त होऊन २०१२ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली. आपल्याकडे कुणाला खबरही नव्हती.

आता आपल्या मातीतलं. शांतारामबापूंचा ‘झनक झनक पायल बाजे’, १९५५. बापूंनी धाडस केलं ते असं, की नट आणून त्याला नाच शिकवण्याऐवजी नर्तकालाच नायक केलं. गोपीकृष्ण, बनारस घराण्याचे कथक नर्तक, सितारादेवींचे भाचे. नाच बसवणारा आणि पडद्यावर नाचणारा माणूस एकच, त्यामुळे एकदा तरी नाव झाकलं गेलं नाही. नायिका संध्याबाई मुळात नर्तिका नव्हत्या. या सिनेमासाठी त्या शिकल्या. टेक्निकलरमधला तो सिनेमा लोकांनी डोक्यावर घेतला. त्या काळातल्या जाणत्यांनी नाकं मुरडली असतील, ‘हे कसलं शास्त्रीय’ म्हणून. मुरडू देत. कथक हा शब्द जिल्ह्याच्या गावात पोचवला तो या सिनेमाने, सरकारी महोत्सवांनी नव्हे, हे माझं ठाम मत आहे.

याच सिनेमात मागच्या घोळक्यात नाचणारी एक पोरगी होती, जयश्री गडकर. चार वर्षांनी, १९५९ मध्ये, अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ने तिला मराठी सिनेमाची नायिका केलं. घोळक्यातून पुढे येणं असं क्वचित घडतं. बाकीच्या पोरींचं पुढे काय झालं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

सरोज खानसुद्धा अशा घोळक्यातूनच आल्या. मूळ नाव निर्मला नागपाल. लहानपणीच कॅमेऱ्यासमोर, मग ग्रुप डान्सर, मग बी. सोहनलाल यांच्या हाताखाली. स्वतंत्र काम मिळालं ते १९७४ ला ‘गीता मेरा नाम’मध्ये, आणि लोकांना नाव कळायला आणखी चौदा वर्षं गेली.

आता मुद्द्याचं. पुरस्कार मिळाला, नाव झालं. हक्काचं काय? आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात ‘नाट्यकृती’च्या व्याख्येत नृत्यरचना येते. पण अट अशी की ती लिहून किंवा इतर कुठल्या तरी रीतीने पक्की नोंदवलेली हवी, आणि त्याच व्याख्येतून सिनेमा वगळलेला आहे. आपले मास्टरजी नाच लिहीत नाहीत. ते उभे राहून करून दाखवतात, आकडे मोजतात, पोरं उचलतात. शूटिंग झालं की तो नाच सिनेमाचा भाग झाला, आणि कायद्याच्या नजरेत सिनेमाचा कर्ता निर्माता. मानधन एकदा, विषय संपला.

२०१२ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकारांनी रॉयल्टीचा हक्क कुणाला लिहून देऊन टाकला तरी तो जात नाही, अशी तरतूद आली. त्यासाठी राज्यसभेत भांडले जावेद अख्तर. फार मोठं काम केलं त्यांनी, वाद नाही. पण तरतुदीचे शब्द बघा: साहित्यकृती आणि संगीतकृती. नृत्य त्यात नाही. (नाचणाऱ्याला ‘परफॉर्मर’ म्हणून वेगळे काही हक्क आहेत, पण नाच बसवणारा त्यात बसत नाही.) ‘एक दो तीन’सारखं गाणं आज नव्याने झालं, तर शब्द लिहिणाऱ्याचा वाटा कायद्याने राखून ठेवलेला आहे, चाल लावणाऱ्याचाही. नाच बसवणारी बाई मात्र करारात जे मिळेल तेवढ्यावर. सरोजबाई ३ जुलै २०२० ला गेल्या.

तुम्ही म्हणाल, मुंबईच्या बड्या लोकांचं हे, आपल्याला काय? तसं नाही. नालासोपारा-वसईच्या पोरांचा ग्रुप होता, सुरेश मुकुंदचा. त्यांच्यावरून ‘एबीसीडी २’ निघाला, २०१५ ला. तीच मंडळी ‘किंग्ज’ म्हणून २०१९ मध्ये अमेरिकेतली ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ स्पर्धा जिंकून आली. हे बघून तालुक्या-तालुक्यात क्लास निघालेत. ‘नटरंग’नंतर ‘अप्सरा आली’ न झालेलं गॅदरिंग मी पाहिलेलं नाही. निवेदक सोनाली कुलकर्णीचं नाव घेतो, अजय-अतुलचं घेतो. फुलवा खामकरचं नाव मी एकदाही माइकवरून ऐकलेलं नाही.

आमच्याकडे एक पोरगा मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये क्लास घेतो. गेल्या वर्षी त्याने बसवलेला एक नाच दुसऱ्याच कुणीतरी रीलवर टाकला, जसाच्या तसा, नावाशिवाय. लाखभर लोकांनी बघितला. मी त्याला हा कायदा समजावून सांगितला. म्हटलं, निदान वहीत स्टेप्स लिहून ठेवत जा, तारीख टाकत जा. तो हसला. म्हणाला, “सर, नावाचं नंतर बघू. पोरांची दोन महिन्यांची फी राहिलीय, ती तुमच्या बातमीने निघते का बघा.”