टेबलावरचे नागभीड

नागपूर ते नागभीड ही छोटी लाईन नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली, आणि मी तिचा इतिहास जमवायला बसलो तो त्यानंतर. हा शुद्ध आळस. गाडी चालू होती तेव्हा तिच्यातून वीस-पंचवीस वर्षे हिंडलो, पण वहीत एक ओळ टिपली नाही. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. इतिहास शिकलो तो गॅझेटियर चाळता चाळता, त्यामुळे जे छापलेले तेच खरे, अशी एक खोड अंगात मुरलेली आहे.

छापलेले असे : बंगाल-नागपूर रेल्वेने अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीचा मार्ग १९०८ मध्ये नागभीडपर्यंत आणला. १९१३ मध्ये तो मूल, केळझर करीत चांदा फोर्टला पोचला. मुंबईकडच्या मोठ्या लाईनीचे स्थानक निराळे, म्हणून चंद्रपूरला आजही दोन स्थानके आहेत आणि पाहुणा हमखास चुकीच्या स्थानकावर उतरतो. गोंदियाकडून येणारा फाटा वडसा सोडल्यावर वैनगंगा ओलांडतो आणि ब्रह्मपुरीवरून नागभीडला मिळतो. गोंदिया-चांदा फोर्ट मार्ग गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात मोठा झाला. नागपूरचा फाटा मात्र तसाच राहिला. दोन दशके नागभीडला एका बाजूला मोठी गाडी, दुसऱ्या बाजूला छोटी, आणि मधे बोचकी घेऊन धावणारी माणसे.

हे नागभीड मला पुन्हा दिसले ते चंद्रपुरातल्या एका माडीवर. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी बारा फूट लांब प्लायवूडवर ते उभारले आहे. त्यांचे नाव न छापण्याचे मी कबूल केले आहे. आम्ही त्यांना काकाजी म्हणतो. घर विकायचे ठरले आहे. नव्या सदनिकेत एवढे टेबल मावत नाही. "मोडायच्या आधी तुमच्या त्या मोबाइलमधी भरून ठेवा," असा निरोप आला.

एप्रिल महिना, चंद्रपूरचे ऊन, आणि चित्रण चालू असेतो पंखा बंद. पंख्याने भुशाचे जंगल उडते आणि आवाजात काकाजींचे बोलणे बुडते. पहिल्या दिवशी मी वरून चित्रण केले, ते सगळे वाया गेले. वरून पाहिले की खेळणे दिसते. दुसऱ्या दिवशी मोबाइल रुळांच्या पातळीवर ठेवला आणि पुठ्ठ्याचे झेडडीएम इंजिन अंगावर आले. १८९६ च्या जुलैत मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रांत फलाटावर येणारी गाडी होती. तिचा कॅमेराही फलाटावरच्या माणसाच्या उंचीचा. मला हे सव्वाशे वर्षांनी कळले.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथले प्रमाण एकास सत्त्याऐंशी, काकाजींचेही तेच. या प्रमाणातले बाजारी रूळ साडेसोळा मिलिमीटरचे असतात. आपल्या १६७६ मिलिमीटरच्या मोठ्या लाईनीला हिशेबाने सव्वाएकोणीस हवेत. म्हणजे टेबलावरची मोठी लाईन अरुंद, खोटी. छोट्या लाईनीला मात्र पावणेनऊ मिलिमीटर लागतात आणि नऊचे रूळ सहज मिळतात. दोन्हींतली खरी ठरली ती उखडलेलीच.

लांबीचे गणित वेगळेच. नागपूर-नागभीड सुमारे १०६ किलोमीटर. या प्रमाणात ते बाराशे मीटरच्या वर जाईल, आणि काकाजींकडे बारा फूट. काय ठेवायचे, काय गाळायचे, हा इतिहास लिहिणाऱ्याचाच पेच. त्यांनी उमरेड गाळले, पूल गाळले. नागभीडच्या अलीकडचे एक छोटे स्थानक ठेवले आणि त्याच्या फलाटावर अकरा बायका उभ्या केल्या. पाच फुटांची बाई साडेसतरा मिलिमीटरची. डोक्यावर काडेपेटीच्या काड्यांची मोळी.

मी थबकलो. मी पाहिलेल्या कागदांत मोळीवाल्या नाहीत, आणि असणारही कशा? ते सरपण जंगलातले, प्रवास बहुधा बिनतिकिटाचा. नोंद म्हणजे गुन्ह्याची कबुली. काकाजी एवढेच म्हणाले, "रोज पाहत होतो ना मी. उमरेडच्या हॉटेलांच्या चुली त्याच्यावरच तर पेटत."

एका टेबलावरून इतिहास लिहायचा का? जीव धजेना. चित्रण घेऊन त्या स्थानकाजवळच्या गावी गेलो आणि तीन म्हाताऱ्यांना दाखवले. इंजिन पाहून त्या हसल्या. मोळ्या पाहिल्यावर गप्प झाल्या. मग एक आजी म्हणाल्या, "असं नाही बाबू. फलाटावर कोण उभं राहू देईल? आमी त्या अंगानं चढत होतो, झुडपातून. आदी मोळी फेकाची, मंग आपण." दुसरीने मनगटावरचा वण दाखवला. मोळी वर गेली, गाडी सुटली, हात दांडीत अडकला. तिसरी काही बोलली नाही. तिची बहीण त्या अंगालाच गेली, हे मला बाहेर आल्यावर समजले.

काकाजींना सगळे सांगितले. ते बराच वेळ टेबलाकडे पाहत राहिले. फलाटावरून दिसले तेवढेच त्यांनी मांडले होते. गाडीपलीकडचे त्यांना दिसणार कसे? मग चिमटा मागितला. अकरा बायका एकेक करून उचलल्या आणि रुळांच्या पलीकडे नेल्या. तिथे भिंत लागते, जागा चार बोटांची. झुडपे उपटून नऊ बसल्या.

उरलेल्या दोन त्यांनी माझ्या तळहातावर ठेवल्या आणि म्हणाले, "हं, आता घ्या चित्र." मी पंखा बंद केला.