‘क्विट’ : एका क्रियापदाचा अर्थ आणि नगरचा किल्ला

१/ ९ ऑगस्ट १९४२. पहाटे मुंबईत अटक झालेले काँग्रेस कार्यकारिणीचे नेते रेल्वेने अहमदनगरला आणले गेले आणि भुईकोट किल्ल्यात बंदिस्त झाले. आझाद, नेहरू, पटेल, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव यांच्यासह बारा जणांनी येथे कारावास भोगला. ज्या घोषणेने हा कारावास ओढवला, तिचा भार एका इंग्रजी क्रियापदावर होता : ‘क्विट’. 🧵

२/ ‘क्विट इंडिया’चे श्रेय युसुफ मेहेरअली यांना दिले जाते. ते त्या वर्षी मुंबईचे महापौर होते. १९२८ मधील ‘सायमन, गो बॅक’ हीदेखील त्यांचीच घोषणा मानली जाते. मात्र दोन्ही घोषणांतील क्रियापदे वेगळी आहेत आणि हा भेद महत्त्वाचा आहे.

३/ ‘गो बॅक’ म्हणजे आल्या वाटेने परत जा. ही आज्ञा माणसाला असते. ‘क्विट’चे मूळ लॅटिन ‘क्वायेटस’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ शांत, मोकळा. फ्रेंचमार्गे तो मध्ययुगात इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ ऋणातून किंवा बंधनातून मुक्त होणे असा होता. ‘निर्दोष सोडणे’ या अर्थाचे ‘अ‍ॅक्विट’ हे त्याच कुळातले.

४/ हा जुना अर्थ महाराष्ट्राच्या महसुली दप्तरातही शिरला. इनाम जमिनीवर पूर्ण साऱ्याऐवजी जी हलकी रक्कम घेत, तिला इंग्रज अधिकारी ‘क्विट-रेंट’ म्हणत. मराठीत ती ‘जुडी’. सातबाऱ्यावरील ‘जुडी किंवा विशेष आकारणी’ हा रकाना त्याचीच खूण आहे.

५/ न्यायालयात या क्रियापदाला आणखी एक धार होती. जागा सोडण्यासाठी मालक भाडेकरूला देतो ती ‘नोटीस टू क्विट’. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात हा शब्दप्रयोग आहे. वकिलांनी भरलेल्या काँग्रेसला तो अपरिचित नव्हता. ‘क्विट इंडिया’तून ध्वनित होते ते हेच : मालक भारतीय जनता, मुदत संपलेला भाडेकरू म्हणजे ब्रिटिश सत्ता.

६/ परंतु सोडायचे काय, देश की सत्ता? १४ जुलै १९४२ च्या वर्धा ठरावाने याचे उत्तर आधीच दिले होते. ब्रिटिश सत्ता मागे घ्यावी, या मागणीचा अर्थ सर्व ब्रिटिश माणसांनी देशाबाहेर जावे असा नाही, असे त्यात स्पष्ट केले होते. ८ ऑगस्टला गोवालिया टँकवर संमत झालेल्या ठरावातही मागणी सत्ता मागे घेण्याचीच होती.

७/ भाषांतरात मात्र हा अर्थ दुभंगला. ‘छोडो भारत’मध्ये हातातली पकड सोडण्याची मागणी आहे, तर ‘चले जाव’मध्ये माणसाला दाखवलेले दार. इंग्रजी क्रियापदात दोन्ही छटा एकत्र नांदत होत्या. मोर्चात घुमली ती ‘चले जाव’, कारण ती तोंडात सहज बसते. तिने चळवळीला आवेश दिला. पण ठरावाने जपलेला सत्ता आणि माणूस यांतील भेद त्या दोन शब्दांत मावला नाही.

८/ इतिहासाचा विरोधाभास असा, की ‘सोडा’ म्हणणाऱ्यांनाच कोंडण्यात आले. तेही त्याच किल्ल्यात, जो ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने शिंद्यांच्या सैन्याकडून जिंकला होता. तेथेच एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या काळात नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. आझादांच्या ‘गुबार-ए-खातिर’मधील उर्दू पत्रेही याच बंदिवासातली. २८ मार्च १९४५ रोजी नेहरूंना येथून हलवले गेले.

९/ अखेरीस क्रियापदाचे दोन्ही अर्थ खरे ठरले, पण वेगवेगळ्या दिवशी. १५ ऑगस्ट १९४७ रोजी ब्रिटिशांनी सत्ता सोडली. ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी गेटवे ऑफ इंडियामधून निघाली ती २८ फेब्रुवारी १९४८ रोजी. स्वतंत्र भारताच्या निमंत्रणावरून माउंटबॅटन तर जून १९४८ पर्यंत गव्हर्नर जनरल पदावर होते.

१०/ म्हणजे आधी सत्ता गेली, माणसे नंतर; आणि एका इंग्रजाला तर देशानेच थांबवून घेतले. १९४२ ची मागणी द्वेषाची होती की हक्काची, या प्रश्नाचे उत्तर या क्रमात आहे. घोषणा वाचताना तिच्यातील क्रियापद तपासावे, ते यासाठीच.