जिल्ह्याची तिजोरी आणि गावाचा तलाव



ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल या भागातून किंवा आरमोरी-वडसाच्या बाजूने आपण कधी प्रवास केला असेल, तर धानाच्या बांध्यांच्या वरच्या अंगाला मातीच्या पाळीने अडविलेले तलाव आपण पाहिलेच असतील. पूर्व विदर्भात असे तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. नवख्या माणसास वाटते की कोणा मामाने ते बांधले असावेत! वस्तुतः 'मामा' म्हणजे 'माजी मालगुजारी'. या दोन अक्षरांत आपल्या भागाच्या सार्वजनिक पैशाचा सारा इतिहास दडलेला आहे.

तो इतिहास समजून घेण्यासाठी एकच साधा प्रश्न हाती धरू या. तलावाची पाळ फुटली, तर ती बांधण्याचा पैसा कोण देणार, आणि तो द्यायचा की नाही हे कोण ठरविणार? राज्ये बदलली, कायदे बदलले, जिल्ह्याचे नावही बदलले. हा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीपुढे नव्याने उभा राहिला आहे.

गोंड राजांच्या काळापासून या भागात तलाव बांधण्याची परंपरा आहे. उतार पाहून पाळ कोठे घालावी, सांडवा कोठे काढावा, हे ज्ञान कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपले. तलाव गावाने बांधला, तर त्याची निगाही गावानेच राखायची, अशी ही व्यवस्था होती. अंदाजपत्रक कागदावर नव्हते. ते श्रमात व धान्यात होते.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्यप्रांत स्थापन झाला आणि चांदा हा त्यातील एक जिल्हा बनला. नव्या जमाबंदीत गावाचा सारा भरण्याची जबाबदारी मालगुजारावर आली व त्याबरोबर मालकीही त्याच्याकडे गेली. तलाव मालगुजाराचा झाला. परंतु गावकऱ्यांचे पाण्याचे, चराईचे व जळणाचे हक्क शिल्लक राहिले आणि ते 'वाजिब-उल-अर्ज' या दप्तरात नोंदले गेले. पुढे त्यांनाच 'निस्तार' हक्क म्हणण्यात येऊ लागले. वाचकांच्या लक्षात आलेच असेल की महसूल, तहसील, वसूल, जमा, खर्च, रोजकीर्द हे सारे शब्द अरबी-फारसीतून मराठीत येऊन इथलेच झाले आहेत. आपल्या घरात जे शब्द सहज कानावर पडतात, तेच जिल्ह्याच्या हिशेबाच्या वहीत आहेत. तेव्हा ती वही आपल्याला परकी वाटण्याचे काही कारण नाही.

गावाबाहेरच्या कामांसाठी म्हणजे रस्ता, शाळा व दवाखाना यांसाठी पैसा कोठून आणावा, हा प्रश्न ब्रिटिश सरकारपुढेही होताच. लॉर्ड रिपनच्या धोरणानुसार १८८३ मध्ये मध्यप्रांताचा स्थानिक स्वराज्य कायदा झाला. त्यातून डिस्ट्रिक्ट कौन्सिल व लोकल बोर्डे निर्माण झाली. जमीन महसुलावर थोडा उपकर बसवावयाचा आणि त्यातून स्थानिक कामे करावयाची, असे त्याचे सूत्र होते. १९२० मध्ये नवा कायदा होऊन लोकनियुक्त सभासदांचे प्रमाण व अधिकार वाढले. तरी पैशाचा झरा तोच, जमीन महसूल!

येथेच आपल्या जिल्ह्याची मेख आहे. उपकर जमीन महसुलावर. महसूल लागवडीच्या जमिनीवर. आणि आपला मुलूख बहुतांशी जंगलाचा. सागवान, बांबू, तेंदूपत्ता यांनी समृद्ध असलेल्या भागाचा स्थानिक निधी त्यामुळे नेहमी रोडच राहिला. वनाचे उत्पन्न थेट प्रांताच्या तिजोरीत जाई. जंगल ज्यांच्या दारात, त्यांच्या शाळेच्या छपराला मात्र पैसा नाही, ही विसंगती या व्यवस्थेच्या मुळातच होती. तिला कोणा एका अधिकाऱ्याचा दोष म्हणता येणार नाही.

स्वातंत्र्यानंतर मध्यप्रांत-वऱ्हाडात एक धाडसी प्रयोग झाला. १९४८ च्या कायद्याने जिल्हा कौन्सिले रद्द करून तहसीलवार 'जनपद सभा' स्थापन करण्यात आल्या. कारभार जिल्ह्याच्या ठिकाणाहून तहसिलीपर्यंत, म्हणजे लोकांच्या जवळ यावा, हा हेतू स्तुत्य होता. पण तहसिलीची मिळकत ती केवढी? सिरोंचासारख्या दूरच्या व जंगलाच्या तहसिलीस आपल्याच उपकरावर काय करता येणार? अधिकार जवळ आला तरी पैसा जवळ आला नाही, तर अधिकाराचे ओझेच होते, हा धडा आपण त्या प्रयोगापासून घ्यावयास हवा.

याच सुमारास मालगुजारी संपली. १९५० च्या कायद्यान्वये १९५१ मध्ये मालकी हक्क सरकारजमा झाले आणि त्यांबरोबर तलावही. कूळ मोकळे झाले ही मोठीच गोष्ट झाली, यात शंका नाही. मात्र तलावाची पाळ आता ना मालगुजाराची राहिली, ना गावाची. जुना धनी गेला व नवा धनी नागपुरात बसला!

राजुरा भागाची कथा याहून निराळी. तो निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. तेथील सरकारी दप्तर उर्दूत चाले. १९५६ मध्ये राज्य पुनर्रचनेनंतर तो नांदेड जिल्ह्यात आला व १९५९ मध्ये चांद्यास जोडला गेला. म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन राजवटींचे, दोन भाषांचे व दोन पद्धतींचे हिशेब येऊन मिळाले. त्या भागातील ज्या कुटुंबांपाशी उर्दूतील जुने कागद असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. तो जिल्ह्याच्या इतिहासाचा पुरावा आहे आणि तो वाचू शकणारी मुले आपल्यातच आहेत.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली. गट, गटविकास अधिकारी, ग्रामसेवक हे शब्द तेव्हापासून रूढ झाले. योजना वरून येते पण लोक त्यात मनापासून उतरत नाहीत, असे दिसून आल्यावर १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीने लोकनियुक्त संस्थांच्या हाती विकासाचे काम सोपविण्याची शिफारस केली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला व १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. प्राथमिक शाळा, दवाखाने, ग्रामीण रस्ते, पिण्याचे पाणी ही कामे त्यांच्याकडे आली. शंभर हेक्टरांपर्यंत सिंचन करणारे लहान तलावही जिल्हा परिषदेच्या ताब्यात गेले. म्हणजे आपल्या प्रश्नाचे उत्तर आता 'जिल्हा परिषद' असे झाले.

जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकास भिण्याचे कारण नाही. त्याचे मुख्यतः दोन भाग असतात. पहिला भाग शासनाकडून येणाऱ्या पैशाचा. शिक्षकांचे पगार व ठरलेल्या योजना यांतच तो संपतो. परिषदेने त्यात फारसा फेरफार करावयाचा नसतो. दुसरा भाग परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नाचा. उपकर, फी, भाडी, ठेवींवरील व्याज यांतून तो जमतो. हा भाग लहान. पण परिषदेचे खरे स्वातंत्र्य याच भागात आहे. यातूनच २० टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी व १० टक्के महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावे लागतात. वनाच्या उत्पन्नाचाही काही वाटा ७ टक्के वन महसूल अनुदान या नावाने जिल्हा परिषदांना मिळू लागला. जुन्या विसंगतीची ही अंशतः भरपाई होती. हे अंदाजपत्रक दरवर्षी २७ मार्चपूर्वी मंजूर व्हावे, असा दंडक आहे.

तथापि विकासाचा मोठा पैसा वेगळ्याच वाटेने वाहू लागला. १९७४ पासून जिल्हा नियोजन व विकास मंडळे आली. पुढे १९९८ च्या कायद्याने त्यांची जागा जिल्हा नियोजन समितीने घेतली. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात. दरम्यान २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. १९८४ मध्ये दांडेकर समितीने राज्यातील विकासाचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये असल्याचे दाखवून दिले. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के होता. आपल्या तक्रारीला प्रथमच आकड्यांचा आधार मिळाला. 'आमच्यावर अन्याय होतो' असे म्हणणे वेगळे आणि 'इतक्या विहिरी, इतके रस्ते कमी आहेत' असे दाखविणे वेगळे. राज्यकर्त्यांना दुसऱ्या वाक्यास उत्तर द्यावेच लागते.

यानंतरचा अध्याय मात्र जंगलातील लहान गावांनी लिहिला. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेस विशेष अधिकार दिले आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क मान्य केले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे छोटे गाव. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्याची घोषणा सर्वश्रुत आहे. २००९ मध्ये या गावास सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे अधिकार ग्रामसभेकडे आले. ज्या बांबूचे उत्पन्न पूर्वी वरच्या तिजोरीत जाई, ते आता ग्रामसभेच्या खात्यात जमा होऊ लागले. चंद्रपूर जिल्ह्यात पाचगाव याच वाटेने गेले. गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलावही स्वतः करू लागल्या.

हे कशामुळे साधले? कायदा तर सर्वांसाठीच होता! मेंढ्याच्या लोकांनी ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट चालविले होते. त्यात आधी प्रश्नाचा अभ्यास व्हावयाचा, मग गावसभेत सर्वसहमतीने निर्णय. देवाजी तोफा यांच्यासारखे गावकरी आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे अभ्यासू कार्यकर्ते यांनी ही सवय वर्षानुवर्षे लावली. म्हणून हक्क आला तेव्हा तो पेलण्याची तयारी झालेली होती. शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत ही हकिगत सांगण्याचे प्रयोजन हेच. शिक्षण केवळ नोकरीसाठी नसून गावाचा हिशेब समजण्यासाठीही असते.

अलीकडे पैशाच्या आणखी वाटा उघडल्या. २०१५ पासून चौदाव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतींकडे आला. त्याच वर्षी पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के अबंध निधी देण्याचे राज्य शासनाने ठरविले. खाणींच्या जिल्ह्यांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान निर्माण झाले. २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे त्यातील किमान ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण यांसारख्या अग्रक्रमाच्या बाबींवर खर्चावयाची होती. कोळशाचा चंद्रपूर व लोहखनिजाचा गडचिरोली यांच्या दृष्टीने हा निधी लहान नव्हे.

पण याच काळात एक उलटी गोष्टही घडली. मार्च २०२२ मध्ये दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि निवडणुकीअभावी कारभार प्रशासकांकडे गेला. त्यानंतरची अंदाजपत्रके लोकनियुक्त सभासदांच्या चर्चेशिवाय मंजूर झाली. आकडे जुळत असतील, वह्याही नीट असतील. परंतु 'आमच्या गावच्या पाळीचे काय?' असे सभागृहात उठून विचारणारा माणूस त्या खोलीत नव्हता. हिशेब आणि लोकशाही या दोन वस्तू एक नाहीत, हे यावरून ध्यानात यावे.

म्हणून पालकांस व विद्यार्थ्यांस विनंती आहे. आपल्या मुलांची शाळा, मग ती मराठी असो वा उर्दू, जिल्हा परिषदेची असेल तर तिच्या छपराचा, पाण्याचा व शौचालयाचा प्रश्न याच अंदाजपत्रकात सुटतो किंवा अडतो. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. ती केवळ सहीपुरती समजू नये. ग्रामसभेस घरातील कोणी तरी, विशेषतः माताभगिनींनी, जावे. महाविद्यालयातील मुलांनी आपल्या ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक मागून घ्यावे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने तो हक्क प्रत्येकास दिला आहे. आणि मग चार प्रश्न विचारावेत. पैसा कोठून आला? किती मंजूर झाला? प्रत्यक्षात किती खर्च झाला? उरला तो परत गेला की कामाला लागला? हे प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाही. बेरीज-वजाबाकी आणि थोडे धैर्य पुरते.

एक गोष्ट मात्र मनाशी पक्की असावी. आपल्याच मोहल्ल्यापुरता हिशेब मागणाऱ्याचे म्हणणे लवकर विरून जाते. सबंध गावाचा हिशेब मागणाऱ्याच्या पाठीशी गाव उभे राहते. पाळ फुटली की पाणी कोणाचे शेत आधी व कोणाचे नंतर, असे पाहत नाही. पाळ बांधावयासही मग सर्वांचेच हात लागतात. येत्या मार्चमध्ये आपल्या जिल्ह्याचे अंदाजपत्रक तयार होईल, तेव्हा ते आपल्यापैकी दहा जणांनी जरी वाचले, तरी या लेखाचे सार्थक झाले असे समजू.