पडायला शिकवणारा आठवडा आणि आपल्याला फसवणारी गोष्ट

"विषय मिळाला, पण त्यातून प्रश्न कसा काढायचा?" संशोधनाची तयारी करणारे बरेच जण हे विचारतात. आज त्याचं उत्तर माझ्याच अभ्यासातल्या एका उदाहरणातून देते. उदाहरण जरा लांबचं आहे, पण धीर धरा.

गेल्या फेब्रुवारीत स्कॉटलंडमधल्या केर्नगॉर्म डोंगररांगेत मी हिवाळी गिर्यारोहणाचा एका आठवड्याचा वर्ग केला. आम्ही सहा जण होतो आणि एक शिक्षक. पहिल्या दिवशी त्यांनी काय शिकवलं असेल? पडायला! खाली सपाट, मोकळी जागा असलेला बर्फाचा उतार शोधायचा आणि मुद्दाम घसरायचं. आधी पोटावर, मग पाठीवर, शेवटी डोकं खाली करून. घसरतानाच वळायचं, आइस अ‍ॅक्स छातीशी घट्ट धरायची आणि सगळं वजन तिच्या टोकावर टाकायचं. बुटांना क्रॅम्पॉन असतील तर पाय वर उचलून धरायचे, नाहीतर काटे बर्फात अडकतात आणि माणूस उलटतो. तुमच्यापैकी कुणी उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगला बेसिक कोर्स केला असेल, तर हे 'सेल्फ अरेस्ट' तुम्हाला पाठ असेल.

चौथा दिवस पठारावर, दाट धुक्यात. नकाशा, होकायंत्र आणि पावलांची मोजणी. शंभर मीटरला आपली किती पावलं पडतात ते आधी मोजून ठेवायचं, मग दिसत काही नसलं तरी चालत राहायचं. पाचव्या दिवशी शिखर तासाभरावर असताना शिक्षकांनी आम्हाला परत फिरवलं. आम्ही हिरमुसलो. ते म्हणाले, "हाच आजचा धडा."

माझा प्रश्न इथेच सुरू झाला. हा अभ्यासक्रम कुणी ठरवला, आणि केव्हा? पडणं पहिल्या दिवशी आणि परत फिरणं पाचव्या दिवशी, हा क्रम आला कुठून?

आता शोध कसा गेला ते बघा. सगळ्यांत आधी मला एक गोष्ट मिळाली. ती जवळजवळ प्रत्येक जण सांगतो: "१९७१ मध्ये मोठा अपघात झाला, त्यातून सगळे शहाणे झाले, मग नियम आणि प्रमाणपत्रं आली."

अपघात खराच होता. शनिवार, २० नोव्हेंबर १९७१ ला एडिंबरोतल्या एका शाळेची मुलं केर्नगॉर्मच्या पठारावर निघाली. दोन दिवसांची सहल होती, नकाशावाचनाचा सराव करायचा होता. दोन गट केले होते. दोघांनीही रात्री पठारावरच्या करन नावाच्या छोट्या निवाऱ्यात पोचायचं ठरलं होतं. हिमवादळ आलं. पहिला गट पोचला, दुसरा पोचू शकला नाही. त्या गटाने दोन रात्री उघड्यावर बर्फात काढल्या. सोमवारी मदत पोचली तोवर पंधराच्या आसपास वयाची पाच मुलं आणि मदतनीस म्हणून आलेली एक तरुणी थंडीने गेली होती. गटाची प्रमुख आणि एक मुलगा वाचले. फेब्रुवारी १९७२ मध्ये चौकशी झाली. त्यानंतर शाळांच्या सहली कुणी न्यायच्या, याचे नियम कडक झाले.

हे वाचून मी दोन दिवस काही लिहू शकले नाही. तुमच्या विषयातही असं एखादं पान येईल. थांबावंसं वाटलं तर थांबा. मात्र परत आल्यावर भावनेच्या भरात ती सरळ गोष्ट स्वीकारू नका. आधी तारखा एका ओळीत लिहून काढा. मी लिहिल्या, त्या अशा:

१८९२: नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने वेळेचा अंदाज बांधायचा नियम दिला. तीन मैलांना एक तास आणि दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास.
१९४८: केर्नगॉर्मच्या पायथ्याशी ग्लेनमोर लॉज हे प्रशिक्षण केंद्र सुरू.
१९६४: डोंगरात गट नेणाऱ्यांसाठी 'माउंटन लीडरशिप सर्टिफिकेट' सुरू.
१९६९: ग्लेनमोर लॉजचे प्रमुख राहिलेले एरिक लँगम्युअर यांचं गटप्रमुखांसाठीचं हस्तपुस्तक प्रसिद्ध.
१९७१: अपघात.

दिसलं? प्रमाणपत्र अपघाताच्या सात वर्षं आधी आलं होतं, आणि पुस्तक दोन वर्षं आधी. म्हणजे "ज्ञान नव्हतं, अपघात झाला, ज्ञान आलं" ही साखळी टिकत नाही. 'नंतर' झालं म्हणजे 'त्यामुळे' झालं असं धरून चालणं हा इतिहासातला सगळ्यांत जुना सापळा. आणि इथे तर काही गोष्टी नंतरच्याही नाहीत!

मग प्रश्न बदलला: ज्ञान होतं, केंद्र होतं, प्रमाणपत्र होतं, तरीही काय निसटलं? हा प्रश्न आधीच्यापेक्षा अवघड आहे, म्हणून जास्त चांगला आहे.

उत्तराचा एक धागा मला निवाऱ्यांच्या वादात सापडला. करनसारखे निवारे १९६० च्या दशकात जीव वाचावेत म्हणून बांधले होते. अपघातानंतर बचावपथकांतले लोक आणि गिर्यारोहक यांच्यात जोरदार वाद झाला. एका बाजूचं म्हणणं: निवारा आहे म्हणून लोक उंचावरच मुक्काम ठरवतात. वादळात तो बर्फाखाली गाडला जातो, सापडत नाही, पण त्याच्या आशेने माणसं खाली उतरायचं सोडून पुढे चालत राहतात. दुसरी बाजू म्हणत होती: संकटात सापडलेल्याला तोच शेवटचा आधार असतो, तो काढलात तर माणसं मरतील. शेवटी १९७५ मध्ये करन आणि सेंट व्हॅलरी हे निवारे हटवले गेले.

मला दोन्ही बाजू पटतात. तुम्हालाही पटत असतील तर घाईने निकाल देऊ नका. इतिहासकाराला इथे दिसतं ते वेगळंच: पूर्वी सुरक्षितता म्हणजे डोंगरात काय ठेवायचं हा प्रश्न होता, आता तो माणसाने कुठे थांबायचं याकडे सरकला. माझ्या पाचव्या दिवसाचं मूळ मी या वादात शोधते आहे. अजून हे गृहीतक आहे, सिद्धान्त नाही. १९७१ च्या आधीच्या वर्गांतही परत फिरणं धडा म्हणून शिकवत होते असा पुरावा मिळाला, तर मला ते सोडावं लागेल. आपलं गृहीतक कशाने मोडेल हे आधीच लिहून ठेवा. मार्गदर्शक विचारतातच.

साधनांबद्दलही सांगते. हस्तपुस्तक 'काय करावं' ते सांगतं, लोक काय करत होते ते सांगत नाही. चौकशीच्या कागदांचा प्रश्न असतो 'जबाबदार कोण?', त्यामुळे साक्षीदार जपून बोलतात. वर्तमानपत्राला त्याच दिवशी कारण हवं असतं. प्रत्येक कागद कुणाच्या तरी प्रश्नाचं उत्तर असतो. तो प्रश्न ओळखल्याशिवाय उत्तर वापरू नका.

आणि जागा बघा, जमलं तर. केर्नगॉर्म शिखर १,२४५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून चारशे मीटर कमी. कागदावर मी त्याला हसले होते. पण याच शिखरावर मार्च १९८६ मध्ये ताशी १७३ मैल वाऱ्याची नोंद झाली आहे. त्या धुक्यात जमीन आणि आभाळ एकाच रंगाचे होतात, समोरचा माणूस दहा पावलांवर नाहीसा होतो. "निवारा अगदी जवळ होता, मग का नाही पोचले?" असं मी माझ्या टिपणांत लिहिलं होतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी ते वाक्य खोडलं.

तर, तुमच्या विषयात सगळे जण सांगतात अशी एखादी सरळ गोष्ट असेलच. या आठवड्यात एवढंच करा: तिच्यातल्या पाच तारखा एकाखाली एक लिहा आणि कुठली तारीख गोष्टीत बसत नाही ते शोधा. बहुतेक वेळा प्रश्न तिथेच सापडतो.